काड्या पूर्ण, नेट बंद: दोन दिवसांच्या एका कार्यक्रमाचं प्रकरण

ही नोंद खुल्या मैदानावरच्या दोन दिवसांच्या एका संगीत कार्यक्रमाची आहे. ठिकाण, वर्ष, आयोजक आणि प्रेक्षकांची नेमकी संख्या मुद्दाम दिलेली नाही. कोणता निर्णय का घेतला गेला ते कळावं एवढेच तपशील ठेवले आहेत. मी मोबाइल नेटवर्कच्या नियोजनात बरीच वर्षं काम केलंय. या कार्यक्रमाशी माझा संबंध आला तो पहिल्या दिवशी रात्री अकरा वाजता, म्हणजे व्हायचं ते होऊन गेल्यावर. त्याआधीचं जे लिहिलंय ते तिथल्या माणसांकडून ऐकलेलं आणि नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीत वाचलेलं आहे.

पार्श्वभूमी

मैदान वस्तीपासून लांब. वर्षातले बहुतेक दिवस ते रिकामंच असतं आणि जवळपासचे टॉवरही त्याच हिशेबाने उभारलेले होते: शेजारच्या रस्त्यावरची वाहनं आणि तुरळक घरं. यात कुणाची चूक नाही. दोन दिवसांच्या गर्दीसाठी कायमचा टॉवर कुणी बांधत नाही.

आयोजकांनी नेटवर्कचा विचारच केला नव्हता असंही नाही. तीन आठवडे आधी त्यांनी सगळ्या मोबाइल कंपन्यांना पत्रं पाठवली होती. एका कंपनीने चाकांवरचा टॉवर, म्हणजे ट्रेलरवर बसवून आणलेला तात्पुरता टॉवर, द्यायचं कबूल केलं. बाकीच्यांकडून फक्त पत्र मिळाल्याची पोच आली. आयोजकांच्या यादीत ‘नेटवर्क’ या शब्दापुढे बरोबरची खूण झाली आणि तो विषय मिटला.

त्याच काळात कार्यक्रमाची एकेक गोष्ट मात्र फोनवर जाऊन बसत होती. तिकीट फोनवर, आणि नक्कल होऊ नये म्हणून त्यावरचा कोड सतत बदलणारा. त्यामुळे रांगेत ॲप उघडताना नेट हवंच. चार प्रवेशद्वारांवरचे स्कॅनर म्हणजे साधे फोनच होते, सगळ्यांत एकाच कंपनीचं सिम, आणि प्रत्येक तिकीट खरं की खोटं ते लांबच्या सर्व्हरला विचारून ठरायचं. मैदानात या क्षणी किती माणसं आहेत, हा आकडाही त्याच स्कॅनवरून निघायचा. स्टॉलवरची पैसे घेण्याची यंत्रं सिमवर चालणारी. स्वयंसेवकांचं सगळं बोलणं एका चॅट ग्रुपवर. वैद्यकीय पथकाला बोलवायचं तर फोन. आधी वॉकीटॉकी असायच्या. ‘आता सगळ्यांकडे फोन आहेतच’ म्हणून तो खर्च काटला होता.

एकाच खुंटीवर इतकं सगळं टांगलंय हे कुणाला दिसलं नाही, कारण ते एका दिवसात टांगलं गेलं नव्हतं. दर वेळी एक गोष्ट, आणि दर वेळी ती सोयीचीच वाटलेली.

आदल्या दिवशी चाचणीही झाली. चारही दारांवर नमुन्याची तिकिटं स्कॅन केली, ग्रुपवर निरोप टाकून पाहिले. सगळं झटक्यात चाललं. चालणारच, मैदानात तेव्हा मांडव उभारणारे कामगार सोडले तर कुणी नव्हतं.

पहिला दिवस

दारं चार वाजता उघडली. पहिला तासभर काहीच अडचण नव्हती. सव्वापाचच्या सुमाराला दोन नंबरच्या दारावर स्कॅनरच्या पडद्यावरचं चक्र फिरत राहू लागलं. आधी चार-पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग ‘पुन्हा प्रयत्न करा’. त्याच वेळी रांगेतल्या लोकांची तिकिटंही उघडेनात. रांग थांबली की माणूस काय करतो? फोन काढतो. आत पोचलेल्या मित्राला कॉल करतो, तिकिटाचं ॲप पुन्हा पुन्हा बंद करून उघडतो, थांबलेल्या रांगेचा व्हिडिओ काढून कुणाला तरी पाठवतो. दारापाशी खोळंबलेल्या गर्दीने दारापाशीचं नेटवर्क आणखी दाबलं, त्यामुळे रांग आणखी खोळंबली. अर्ध्या तासात चारही दारांची तीच अवस्था झाली.

सहाच्या थोडं आधी प्रवेशद्वारांच्या प्रमुखांनी पहिला मोठा निर्णय घेतला. दोन नंबरच्या दारासमोरचे लोखंडी अडथळे मागच्या रेट्याने सरकायला लागले होते. नियंत्रण कक्षाला फोन लागत नव्हता. कुणाला विचारण्यात वेळ न घालवता त्यांनी स्कॅनिंग थांबवलं आणि तिकिटासारखं काहीही दाखवणाऱ्याला आत सोडायला सांगितलं: स्क्रीनशॉट, ईमेल, पैसे भरल्याचा संदेश, काहीही. नंतर हिशेबाच्या बैठकीत यावर बरीच कुरकुर झाली. माझ्या मते त्या दिवशी घेतलेल्या सगळ्या निर्णयांत हाच सगळ्यात चांगला होता. फुकट आत शिरलेला माणूस हे नुकसान आहे; अडथळ्याला चेंगरलेला माणूस ही वेगळीच गोष्ट आहे.

किंमत मात्र मोजावी लागली. स्कॅनिंग थांबल्यावर मोजणीही थांबली. साडेसहानंतर आत किती माणसं आहेत हे कुणीच सांगू शकत नव्हतं आणि मैदानाची परवानगी ठरावीक संख्येपुरतीच होती. सुरक्षा अधिकारी मंचाच्या शिडीवर चढून नजरेनं अंदाज घेत राहिले.

दुसरी घटना साडेआठच्या सुमाराची. मंचाच्या डाव्या बाजूला एका प्रेक्षकाला भोवळ आली. जवळच्या स्वयंसेविकेने कॉल केला, लागला नाही. तिने ग्रुपवर निरोप टाकला. त्यापुढचं घड्याळाचं चिन्ह जाईना. शेवटी ती गर्दीतून वाट काढत वैद्यकीय तंबूपर्यंत धावली आणि पथक घेऊन आली. इथवर ठीक होतं. पण तिच्या फोनने तो निरोप सोडून दिला नव्हता. जागा मिळेल तेव्हा तो पाठवायचा प्रयत्न करत होता, आणि बऱ्याच वेळाने तो नियंत्रण कक्षात पोचला. कक्षातल्या माणसाला वाटलं हा नवीन प्रसंग आहे. त्याने दुसरं पथक त्याच जागी धाडलं. ते पथक रिकाम्या जागेवर रुग्ण शोधत असताना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाय मुरगळलेला एक मुलगा त्यांची वाट पाहत बसला होता.

ही नोंद मी वहीत दोनदा वाचली. न पोचलेला निरोप निदान गप्प असतो, पाठवणाऱ्याला कळतं की आता धावायला हवं. उशिरा पोचलेला निरोप मात्र ताजा असल्यासारखा वागतो. चॅटमध्ये पाठवल्याची वेळ दिसू शकते, पण शंभर निरोप एकदम कोसळल्यावर ती कोण पाहतं?

निदान: चाकांवरचा टॉवर असूनही असं का झालं

रात्री मी पोचलो तेव्हा आयोजकांचा पहिला प्रश्न हाच होता. ‘साहेब, रेंज फुल होती. सगळ्या काड्या दिसत होत्या. मग नेट कुठे गेलं?’

काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती मोठ्याने ऐकू येतोय. त्या टॉवरपुढे किती जण बोलायला उभे आहेत, हे काड्यांना माहीत नसतं. गर्दीत अडतं ते तीन-चार वेगवेगळ्या जागी, आणि लोक ज्या जागेकडे बोट दाखवतात तिथे सहसा नाही.

पहिली जागा टॉवरच्या दाराशीच. फोनला काही पाठवायचं असेल तर आधी टॉवरला हाक मारावी लागते. फोर-जीत एका सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाखालच्या भागात, या हाकेसाठी ६४ ठरावीक संकेत असतात, त्यातले काही राखीव. दोन फोनांनी एकाच वेळी एकच संकेत उचलला की हाका एकमेकींत मिसळतात आणि दोघांनाही थोडं थांबून पुन्हा हाक मारावी लागते. मैदानभर फोन खिशात असले तरी ते गप्प नसतात. ॲपं मागच्या मागे काहीबाही विचारतच असतात. सगळे पुन्हा पुन्हा हाका मारू लागले की डेटा जायच्या आधीच गर्दी होते. फोनची बॅटरी अशा ठिकाणी भराभर उतरते त्यालाही हेच कारण: तो जास्त जोर लावून, जास्त वेळा ओरडत असतो.

दुसरी जागा अपलोडची. नेटवर्कची रचना मुळात डाउनलोडकडे झुकलेली असते, कारण घरी बसलेला माणूस पाहतो जास्त, पाठवतो कमी. मैदानात हे उलटं होतं. २० मेगाहर्ट्झच्या फोर-जी पट्ट्यावर, दोन अँटेनांच्या साध्या मांडणीत, कागदावरचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट डाउनलोड आणि ५० मेगाबिट अपलोड. हा वेग एकट्या फोनचा नाही, त्या सेलखालच्या सगळ्यांचा मिळून, आणि प्रत्यक्षात हाती येतो तो बराच कमी. समजा एक थेट व्हिडिओ २ मेगाबिट घेतो. मग कागदावरच्या आदर्श जगातही पंचवीस माणसांनी थेट प्रक्षेपण सुरू केलं की अपलोडचा रस्ता भरला. आवडतं गाणं सुरू होताच हात वर करणारे पंचवीस नसतात.

टेलिफोनच्या हिशेबाचा पाया घालणारे एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते. १९०९ आणि १९१७ सालच्या त्यांच्या कामावर किती लाइनी लागतील याचं गणित आजही उभं आहे. त्या गणितात एक गृहीतक आहे: प्रत्येक जण आपापल्या मर्जीने, इतरांशी संबंध नसताना फोन करतो. गावभराचा हिशेब त्याने छान जमतो. मैदानात सगळे एकच मंच पाहत असतात, एकाच क्षणी फोन उचलतात आणि मध्यंतर झालं की एकाच क्षणी मित्रांना शोधायला लागतात. माणसं जास्त असणं ही अर्धीच अडचण आहे; उरलेली अर्धी अशी की ती एका तालावर वागतात.

तिसरी जागा पाहायला मला रात्री मैदानात जावं लागलं. चाकांवरचा टॉवर उभा होता, दिवे लुकलुकत होते. टॉवरपासून मुख्य जाळ्यापर्यंत जाणारा जो रस्ता, ज्याला आमच्याकडे बॅकहॉल म्हणतात, तो या टॉवरला मायक्रोवेव्ह डिशने जोडला होता, आणि ती डिश जवळच्याच जुन्या टॉवरकडे तोंड करून होती. म्हणजे मैदानाची गर्दी ज्या टॉवरला झेपत नव्हती, त्याच्याच निमुळत्या वाटेवर नव्या टॉवरची गर्दीही सोडली होती. काड्या वाढल्या, वेग वाढला नाही. शिवाय हा टॉवर होता एका कंपनीचा आणि दारांवरच्या स्कॅनरमध्ये सिम होती दुसऱ्याच कंपनीची.

हे सांगितल्यावर तंबूत काही क्षण कुणी बोललं नाही. मग कुणीतरी कपाळावर हात मारला.

समोरचे पर्याय

दुसऱ्या दिवशी दारं उघडायला सतरा तास होते. सुरक्षा अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच एक अट ठेवली आणि तिच्यामुळे चर्चेला वळण मिळालं: ‘नेट चालो न चालो, आत किती माणसं आहेत हे मला दर क्षणी कळलं नाही तर मी दारं उघडू देणार नाही.’ कार्यक्रम रद्द करणं हा पर्याय त्यामुळे खरोखर टेबलावर होता, नुसता बोलण्यापुरता नाही.

आयोजकांना हवे होते आणखी टॉवर. रात्रीत ते शक्य नव्हतं. जागा, वीज, फायबर, फ्रिक्वेन्सीचं नियोजन, सगळंच लागतं. आणि नुसते जवळजवळ टॉवर उभे केले तर ते एकमेकांच्या लहरींत गोंधळ घालतात. मोठ्या स्टेडियमांत अरुंद झोताच्या अँटेना लावून प्रेक्षागृहाचे तुकडे पाडतात, पण त्यामागे महिन्यांची मोजमापं असतात.

कुणीतरी बाजारातून सिग्नल बूस्टर आणायचं सुचवलं. याला मी जरा चढ्या आवाजातच नाही म्हटलं. विनापरवाना बूस्टर बहुतेक देशांत बेकायदा आहेत, आणि अडचण सिग्नल कमी असण्याची नव्हतीच. बूस्टर अपलोडच्या वाटेवर आणखी कलकलाट ओततो.

प्रेक्षकांसाठी मोफत वायफाय हा तिसरा पर्याय, आणि यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. प्रायोजकांना तो आवडला असता. पण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच मिळतात, माणसाच्या शरीरातलं पाणी त्या लहरी शोषतं, आणि खुल्या मैदानात खांबावर लावलेला एक राउटर फार तर शे-दोनशे जणांना धड सेवा देतो. स्टेडियममध्ये काही ठिकाणी राउटर आसनांखाली बसवतात ते याचसाठी: माणसांचीच भिंत करून प्रत्येक राउटरचा पल्ला आवळायचा. आमच्याकडे आसनंच नव्हती.

कंपनीच्या अभियंत्याला आयोजकांनी विचारलं, ‘तुम्ही सगळ्यांचे व्हिडिओ बंद करू शकत नाही का?’ तो नाही म्हणाला आणि मला ते पटलं. अति झालं तर काही फोनांना काही काळ हाक मारण्यापासून रोखण्याची सोय नेटवर्कमध्ये असते. त्यासाठी प्रत्येक सिमवर ० ते ९ पैकी एक वर्ग लिहिलेला असतो आणि आपत्कालीन सेवांसारख्यांसाठी ११ ते १५ हे वेगळे वर्ग आहेत. पण ती सोय आणीबाणीसाठी आहे, आयोजकाची तिकिटं स्कॅन व्हावीत म्हणून नाही. त्याच्याकडून आम्ही मागितलं ते वेगळंच: ध्वनियंत्रणेच्या खोलीपर्यंत फायबर आलेलं आहे, तुमच्या ट्रेलरला त्यावर घ्या.

या बोलण्यातून हळूहळू एक वेगळाच प्रश्न पुढे आला, आणि तो मांडला प्रवेशप्रमुखांनी. त्या म्हणाल्या, ‘लोकांचं नेट सुरळीत करणं आपल्या हातात नाही ना? मग आपली कामं त्या नेटवरून काढून घ्या की.’

माझा पुढचा सगळा सल्ला या एका वाक्याची फोड होती.

प्रत्यक्षात काय केलं

तिकिटांची यादी पहाटे एका संगणकावर उतरवून घेतली आणि तो संगणक नियंत्रण कक्षात ठेवला. तिथून चारही दारांपर्यंत केबल ओढली. स्कॅनर आता बाहेरच्या सर्व्हरला काही विचारणार नव्हते. दारापाशीच्या छोट्या वायफायवरून, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, केबलमार्गे आतल्या संगणकालाच विचारणार होते. सिम काढून ठेवली. कुणी एका दारावर वापरलेलं तिकीट दुसऱ्या दारावर चालू नये, हे त्यामुळे साधलं, आणि माणसांची मोजणीही इंटरनेटविना सुरू राहणार होती. मोजणीवर भार जास्त म्हणून तिला दुसरा आधार दिला: प्रत्येक दारावर हातात धरायचा मोजणी-काउंटर घेतलेला एक माणूस, दर पंधरा मिनिटांनी आकडा वॉकीटॉकीवर.

बदलता कोड बंद केला. यावर तिकीट कंपनी आणि आम्ही यांच्यात पहाटे तीनला कडक वाद झाला. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: स्थिर कोडाचा स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवता येतो. पण सगळी दारं एकाच यादीला जोडलेली असतील तर पहिला येईल तो आत आणि उरलेले नऊ बाहेर. कुरकुर होईल ती त्या नऊ जणांची. रांग चालू राहील. शेवटी सकाळी सात वाजता सगळ्या तिकीटधारकांना स्थिर कोड ईमेलने गेला. सोबत एकच सूचना होती: घरून निघण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

वॉकीटॉकी परवान्यासह भाड्याने मिळाल्या. इथे मला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला, कारण यंत्र हातात आलं म्हणजे बोलता येतं असं नाही. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. फोनची सवय असलेले स्वयंसेवक सरावात एकमेकांवर बोलत होते, लांबलचक सांगत होते. म्हणून तीन चॅनेल पाडले: दारं, वैद्यकीय, बाकी सगळं. मैदानाचे अक्षर आणि अंकाचे चौकोन पाडून खांबांवर मोठ्या पाट्या लावल्या. प्रत्येक निरोपाचा साचा ठरवला: आधी चौकोन, मग काय झालं, मग वेळ. वेळ सांगायचीच, कालच्या गोंधळामुळे. वैद्यकीय निरोप मिळाल्यावर कक्षाने तो परत म्हणून दाखवायचा आणि वहीत क्रमांक टाकायचा. त्याच चौकोनातून पुन्हा निरोप आला तर आधी विचारायचं, ‘हा क्रमांक सातचाच का?’

प्रेक्षकांसाठी मंचाच्या पडद्यांवर तीन सूचना फिरत होत्या: चुकामूक झाली तर कोणत्या पाटीखाली भेटायचं ते आत्ताच ठरवा, कॉलपेक्षा साधा एसएमएस पाठवा, व्हिडिओ काढा पण पाठवा घरी गेल्यावर. एसएमएस सुचवण्यामागे कारण आहे. तो आकाराने चिमुकला असतो आणि लगेच पोचला नाही तर नेटवर्क त्याला धरून ठेवून नंतर पोचवतं. अर्थात उशिरा पोचण्याचा धोका त्यालाही आहे, म्हणून आमच्या कामासाठी तो वापरला नाही.

दुसरा दिवस आणि निष्पत्ती

दारं चालली. सव्वापाचला मी मुद्दाम दोन नंबरच्या दारावर उभा होतो. माझ्या स्वतःच्या फोनवर काहीही उघडत नव्हतं आणि माझ्यासमोर रांग पुढे सरकत होती. स्क्रीनशॉट न काढता आलेल्यांसाठी बाजूला एक टेबल टाकलं होतं, तिथे नाव पाहून यादीत खूण करत होते. ती रांग मात्र लांबली.

पावणेसहाला जनरेटरची ढकलगाडी तीन नंबरच्या दाराच्या केबलवरून गेली आणि केबल तुटली. स्कॅनर आपोआप आपल्यातल्या साठवलेल्या यादीवर गेले, रांग थांबली नाही, पण ते दार इतरांपासून तुटलं. केबल जोडून झाल्यावर हिशेब जुळवला तेव्हा त्या वेळात काही तिकिटं दोन दारांवर चालल्याचं दिसलं. मोजणी हातातल्या काउंटरमुळे टिकून राहिली. केबल जमिनीवरून न नेता वरून न्यायला हवी होती हे उघड आहे. घाईत आम्ही ती नुसती चटईखाली घातली होती.

वैद्यकीय चॅनेलवर त्या संध्याकाळी एकही पथक रिकाम्या जागी गेलं नाही. कंपनीने ट्रेलर दुपारी फायबरवर घेतला, आणि तिच्या ग्राहकांचं नेट मध्यंतर सोडून बऱ्यापैकी चाललं. बाकी कंपन्यांच्या ग्राहकांचं कालच्यासारखंच राहिलं. म्हणजे बहुतेक प्रेक्षकांच्या दृष्टीने आम्ही काहीच सुधारलं नव्हतं.

दोन गोष्टी सरळसरळ हुकल्या. स्टॉलवरची पैशांची यंत्रं आम्ही विसरलो. रात्रभर दारं आणि मोजणी यांवर बोलताना त्यांचा विषय एकदाही निघाला नाही, कारण तंबूत स्टॉलवाल्यांचं कुणीच नव्हतं. सहा वाजता ती बंद पडली आणि रोख पैसे नसलेल्यांना पाण्याची बाटलीही विकत घेता येईना. शेवटी प्रमुखांनी पाणी फुकट वाटायला सांगितलं.

दुसरी गोष्ट बाहेर पडण्याची. सगळं लक्ष आत येण्यावर होतं. कार्यक्रम संपल्यावर हजारो लोक एकदम दाराबाहेर आले, प्रत्येकाने गाडी बोलवायला ॲप उघडलं, ते चालेना, आणि लोक तिथेच फोनकडे पाहत उभे राहिले. मागून येणाऱ्यांना वाट उरली नाही. पहिल्या दिवशीही असंच झालं असणार, पण वहीत त्याची नोंद नाही, बहुधा तोवर नोंद घेणारेच थकले होते. एका स्वयंसेवकाला सुचलं की रस्त्याने पुढे चौकापाशी त्याचा फोन नीट चालतो, तिथे दुसरा टॉवर आहे. त्याने कर्णा घेऊन लोकांना तिकडे चालत न्यायला सुरुवात केली. वीस मिनिटांत दार मोकळं झालं. ही युक्ती माझी असती तर मी इथे अधिक विस्ताराने लिहिली असती.

आज पुन्हा करायचं झालं तर

मोबाइल कंपनीशी बोलताना ‘टॉवर देणार का’ हा प्रश्न पुरत नाही. तो कशाने जोडणार, त्या जोडणीवर आणखी कोण आहे, अपलोडचा अंदाज काय धरलाय, हे विचारायला हवं. उत्तर देणारा विक्री विभागातला असेल तर अभियंत्याला बोलवायला सांगावं.

वायफाय सरसकट नाकारण्यात माझी चूक झाली असं आता वाटतं. मैदानासाठी तो निरुपयोगी होता, पण ‘तिकीट उघडत नाही’ वाल्यांच्या टेबलापाशी आणि स्टॉलच्या ओळीत, त्याच केबलवरून, कामापुरता देता आला असता. वादात मी इतका जोर लावला की छोट्या वापराचा विचारच मागे पडला.

दार उघडून द्यायचा अधिकार कुणाचा, हे आधी लिहून ठेवायला हवं. पहिल्या दिवशी तो निर्णय एका अनुभवी बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. त्यांच्या जागी कुणी नवखा असता तर त्याने नियंत्रण कक्षाला फोन लावत बसणं अगदी स्वाभाविक होतं.

आणि चाचणी. गर्दीचा भार आदल्या दिवशी उभा करता येत नाही, पण त्याचा परिणाम उभा करता येतो: सगळ्या कर्मचाऱ्यांनी फोन विमान मोडवर टाकायचे आणि दोन तास कार्यक्रम चालवून दाखवायचा. त्याच आयोजकांनी पुढच्या कार्यक्रमाआधी हे केलं, मीही हजर होतो. फोन बंद झाले आणि पहिल्याच मिनिटाला एका स्वयंसेवकाने विचारलं की वैद्यकीय पथकाचा चॅनेल कोणता. कुणालाच आठवेना. यादी चॅट ग्रुपवर टाकलेली होती.